कोरलेला पोचा

१८ ऑक्टोबर १९९६, शुक्रवार

नमाजाहून परतलो तर आमच्या हुजऱ्यात, पाहुण्यांच्या बैठकीत, मलिक तैमस खान बसलेले. मांडीवर फडक्यात गुंडाळलेली वस्तू. समोरच्या खाटेवर मिनादार. ही दोन घराणी एका छताखाली बसलेली मी आजवर पाहिली नव्हती. दोघे माझ्याकडेच आले आहेत हे ध्यानात यायला क्षण लागला.

पंचवीस वर्षांपूर्वी जिरग्याने, टोळीच्या पंचसभेने, या दोन घरांमध्ये दगड ठेवला. दगड ठेवला म्हणजे गोळीबार बंद. हमी म्हणून दोन्ही घरांनी आपलं सर्वांत मोलाचं हत्यार हाजी सब्ज अलींकडे ठेव म्हणून दिलं. मिनादारच्या घरची रायफल होती, तैमस खानांच्या घरचं आजोबांचं जर्मन माउझर पिस्तूल. आता कायमचा समेट झाला, म्हणून गेल्या आठवड्यात हाजींनी पेटी उघडून ज्याचं त्याला परत केलं.

"प्रोफेसर, हे आमचं नाही," तैमस खान म्हणाले. "आजोबांचं पिस्तूल हातात घेतलं की पोरासारखं हातातच झोपी जायचं. हे जागंच राहतं."

"मलिकसाहेब, पंचवीस वर्षं झाली," मिनादार म्हणाला. "तुमचा हात म्हातारा झालाय. पिस्तूल नाही."

"मिनादार, तुझी रायफल तुला मिळाली ना? मग गप बस."

"गप कसा बसू? तुमच्याच घरून खोटं आलं असेल तर दगड खोटा. मग माझ्या दोन काकांचं रक्त पाण्यात गेलं असंच समजायचं का?"

मुद्दा इतका उघड आहे. पिस्तूल नकली निघालं आणि ते मुळातच नकली दिलं गेलं असेल, तर समेट मोडला. हाजींच्या पेटीत असताना बदललं असेल, तर हाजींचं घर जळेल. ठेव खाणाऱ्याला आमच्याकडे दुसरी शिक्षा नाही. खरं निघालं तर सगळे घरी जाऊन जेवतील.

निकाल एक नोव्हेंबरच्या जिरग्यात द्यायचा आहे. मी कोहाटच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, पण इथे मला ओळखतात ते वेगळ्या कारणासाठी. दर्र्याच्या या बाजारात दर दुसऱ्या दुकानात हत्यारांच्या नकला होतात, आणि त्यातलं अस्सल कोणतं हे सांगायला पेशावरचे व्यापारीसुद्धा माझ्याकडे येतात. आजवर मी नकली पिस्तुलाला अस्सल म्हटलेलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

घरात सांगून टाकलं आहे: निकाल होईपर्यंत या विषयावर माझ्याशी कोणी बोलायचं नाही. बायको बसमीनाने नाही, थोरल्या भावाने, लालानेही नाही. मन कोणाकडे झुकता कामा नये.

२० ऑक्टोबर

पिस्तूल पूर्ण उघडलं. मुठीचा एक सोडला तर माउझरला कुठे स्क्रू नसतो. सगळे भाग एकमेकांत अडकून बसतात. आपले कारागीर तिथेच हरतात. कुठे तरी चोरून एक खीळ मारतातच. इथे एकही खीळ नाही.

आतल्या बाजूला यंत्राच्या पात्याने पडतात तशा सरळ, समान अंतराच्या रेषा आहेत. हाताने कानस चालवली की रेष कुठे तरी वळते, मनगट वळतं म्हणून. इथे वळलेली नाही. आकडेही नीट दाबलेले.

संध्याकाळी मनाशी म्हटलं, अस्सल आहे. हायसं वाटलं. हायसं का वाटलं याचा विचार करत बसलो. निकाल सोयीचा आहे म्हणून तो मला खरा वाटतो आहे का? पुन्हा पाहायला हवं.

२३ ऑक्टोबर

लाला आपल्या हत्यारांच्या दुकानात बसतो, पण काम करत नाही. शागीर्द म्हणतात, चार दिवस कानस हातात धरलेली नाही. डोळ्यांचं असेल. साठी जवळ आली. मी म्हटलं, पेशावरला नेऊन दाखवू. तो म्हणाला, "मला सगळं दिसतं रे. तेच तर आहे."

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

नको होतं ते सापडलं.

चापाच्या वर, डाव्या अंगाला एक पोचा आहे. त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: तैमस खानांचे आजोबा खिंडीत घोड्यावरून पडले आणि पिस्तूल खडकावर आपटलं. दगड ठेवला त्याच्या वर्षभर आधीची गोष्ट. म्हणून तैमस खान पोच्यावर बोट ठेवून म्हणत होते, "खूण तर आमचीच आहे, पण बाकी आमचं नाही."

पोलादावर घाव बसला की धातू जातो कुठे? बाजूला सरकतो, आणि खड्ड्याभोवती बारीक काठ वर येतो. बोटाला लागेल न लागेल, पण भिंगाखाली दिसतोच. या पोच्याला काठ नाही. हा घाव नव्हे. कोणी तरी छिन्नीने नाजूक कोरून, वरून घासून, पोचा *केलेला* आहे.

काठ नंतर कोणी घासून काढला असेल? मग भोवतालचा निळसर रंग गेला असता. रंग शाबूत आहे, आणि पोच्याच्या तळातही तोच, एकाच वेळी चढवलेला.

म्हणजे नक्कल. अशी नक्कल मी कधी पाहिली नाही. हा माणूस यंत्राच्या रेषांपर्यंत गेला, आणि मग आपल्या लोकांची जुनी खोड आडवी आली: पुढे जे ठेवाल ते जसंच्या तसं करायचं. गंज असेल तर गंज, चीर असेल तर चीर. समोरच्या पिस्तुलाला पोचा होता, त्याने पोचाही केला. नसता केला तर मी अस्सल म्हणून सही केली असती. मात्र तैमस खानांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

यातून आणखी एक गोष्ट ठरते, आणि ती मला छळते आहे. पोचा कोरला आहे, म्हणजे अस्सल पिस्तूल पडल्यानंतर ते कारागिरासमोर होतं. म्हणजे आजोबांनाच कोणी नकली विकलं होतं, हा मार्ग बंद. राहतात दोनच: ठेव देण्याआधी त्यांच्या घराने नक्कल करून घेतली, किंवा नंतर हाजींच्या ताब्यात असताना झाली.

२६ ऑक्टोबर

जेवताना लाला आपणहून बोलला. मी मनाई केली होती तरी.

"नवर, खोटं असेल तर खोटं म्हण. पण पोच्यावरनं काही ठरवू नकोस. म्हण, की आजोबालाच कोणी फसवून विकलं. मेलेला माणूस फसला, एवढंच होईल. कोणाचं काही जात नाही."

"लाला, मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं. शोरवा घे."

पोच्याचं मी त्याला कधी बोललो? बोललो असेन. पिस्तूल टेबलावर उघडं असतं, तोही कारागीर आहे, येता-जाता पाहिलं असेल. त्याने सुचवलेला मार्ग दयेचा आहे, हे मला मान्य आहे. आणि जिरग्याने मला विचारलं आहे ते एवढंच: खरं की खोटं. मी "खोटं" म्हणून थांबलो तर ते खोटं बोलणं होईल का? नाही. पण मला जे ठाऊक आहे ते झाकणं होईल. लोक स्वतःच आजोबा फसले असा निष्कर्ष काढतील आणि मी तो काढू देईन. वर्गात एखाद्या मुलाने असं केलं तर मी त्याला काय म्हणेन?

बसमीना मधल्या दारातून ऐकत होती. लाला उठल्यावर म्हणाली, "त्यांनी शोरव्याला हातही लावला नाही. दिसलं का तुम्हाला?"

२८ ऑक्टोबर

हाजी सब्ज अलींकडे गेलो. ऐंशीच्या पुढचे आहेत. स्वतः उठून उशी दिली, स्वतः कहवा ओतला, अर्धा बशीत सांडला.

"मास्तर, तोंड असं का केलंस? माझं घर जळणार, तुझं नाही."

"हाजीसाहेब, पेटीला तुमच्याखेरीज कोणाचा हात लागला होता का?"

त्यांनी नसवारीची डबी उघडली, चिमूटभर तंबाखू ओठाखाली ठेवला.

"एकदा पिस्तूल घराबाहेर गेलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात गंज चढायला लागला. ठेवलेली वस्तू खराब झाली तर मी काय तोंड दाखवू? म्हणून तेलपाण्याला दिलं. परत आलं ते चकचकीत."

"कोणाला दिलं होतं?"

"ज्याला दिलं त्याच्या बापाचं मी मीठ खाल्लंय. आणि पोरगा तेव्हा अडचणीत होता. त्याचं नाव जिरग्यात निघायचं नाही."

"पण तुमचं घर..."

"घर मातीचं आहे." मग हसले. "तुझा लाला बरा आहे ना? खूप दिवसांत आला नाही. म्हणावं, ये. माझ्या मनात काही नाही."

या वयात मन एका विषयावर टिकत नाही. परतताना मी त्यांची बाजू घ्यायचा प्रयत्न करत होतो, आणि जमत नव्हतं. नाव न सांगता येणारा माणूस हा बहुतेक नसलेलाच माणूस असतो. त्यांच्याबद्दल असं लिहावं लागतं याचं दुःख आहे. आमच्या अब्बांचे ते जवळचे स्नेही. दगड ठेवला त्याच्या पुढच्या वर्षी अब्बा वारले, मी पेशावरला शिकायला गेलो, तेव्हा प्रवासाला दुआ द्यायला हेच आले होते. लालाने तेव्हा माझं शिक्षण कसं जमवलं कोण जाणे. त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

३१ ऑक्टोबर

दुपारी कॉलेजातून आलो तर लाला माझ्या टेबलाशी उभा. हात पिस्तुलापासून वीतभर अंतरावर, पण लावलेला नाही.

"नवर, पाच मिनिटं बस. समज, एखाद्या माणसाने..."

"समज-बिमज नको, लाला. उद्या निकाल आहे. आज मी कोणाचं ऐकलं आणि उद्या माझी जीभ तेवढ्याने वळली, तर मी कोणाला तोंड दाखवू? परवा बोल. परवा हवं तेवढं ऐकतो."

"परवा."

"हो, परवा."

तो हसल्यासारखा झाला. "तू लहान होतास तेव्हाही असाच होतास. चेंडू सीमेच्या पलीकडे पडला की तूच ओरडायचास, माझ्या बाजूने खेळत असलास तरी."

"मग? पडायचाच ना पलीकडे?"

"पडायचा," तो म्हणाला आणि गेला.

बसमीना रडत होती. "ऐकून तरी घ्यायचंत. ऐकल्याने काय पाप लागत होतं?" मी तिला नीट समजावलं की पंचाने एका बाजूचं ऐकलं तर तो पंच राहत नाही. ती म्हणाली, "ते बाजू नाहीत. ते तुमचे भाऊ आहेत." हे बरोबर आहे, पण मुद्द्याला धरून नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं.

खूप लोक होते. दोन्ही घरं समोरासमोर, मध्ये पंच, एका टोकाला हाजी काठीवर हनुवटी टेकून. लाला मागे भिंतीला टेकून उभा.

मी सांगितलं: नकली आहे.

कुजबूज झाली, आणि मग मला जाणवलं, एक प्रकारचा सैलपणा आला. कोणी तरी म्हणालं, "म्हणजे म्हाताऱ्याला इंग्रजाने फसवलं!" दोघं-तिघं हसले. तैमस खानसुद्धा खाली मान घालून मिशीवर हात फिरवत होते. त्यांना ते चाललं असतं. मिनादारलाही चाललं असतं. मी खाली बसलो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं.

मी बसलो नाही. पोच्याचं सांगितलं. भिंग फिरवलं, पंचांनी एकेक करून पाहिलं. सैलपणा गेला.

मग पंचांनी तैमस खान आणि हाजी, दोघांपुढे कुराण ठेवलं. तैमस खानांनी शपथ घेतली: आमच्या घरून अस्सलच आलं. आवाज अडखळला नाही. मग पंच हाजींना म्हणाले, शपथ घ्या की पिस्तूल तुमच्या ताब्यातून कधी गेलं नाही. हाजी म्हणाले, "ही शपथ मी घेऊ शकत नाही."

"मग कोणाकडे गेलं होतं सांगा."

"तेही सांगू शकत नाही."

"हाजीसाहेब," मिनादार अक्षरशः विनवत होता, "तोंड उघडा. एक नाव घ्या. कोणाचंही घ्या!"

"कोणाचंही कसं घेऊ, बेटा?"

मागे काही तरी पडल्याचा आवाज झाला. लाला भिंतीवरून घसरून खाली बसला होता. लोकांनी पाणी दिलं. उठायचा प्रयत्न करून तो काही बोलू पाहत होता, तोच हाजींनी काठी उचलून दुरूनच त्याला दटावलं, "गुलमस्त! बस खाली. तुझी तब्येत बरी नाही. घरात भावाच्या पोरी आहेत, त्यांचा विचार कर." तशाही वेळी म्हाताऱ्याने दुसऱ्याच्या तब्येतीची चौकशी केली, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. माणूस सर्वस्वी वाईट नसतो.

निरपराध माणूस नाव सांगतो, नाही तर शपथ घेतो. दोन्ही नाकारल्यावर पंचांपुढे काही उरलं नाही. पुढच्या शुक्रवारी घर.

२ नोव्हेंबर

लालाला म्हटलं, आज परवा. बोल काय बोलायचं ते.

"आता काही नाही," तो म्हणाला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जायचं नव्हतं. पण माझ्या शब्दावरून होणारी गोष्ट न पाहणं भ्याडपणाचं झालं असतं.

बायका-मुलं आणि अंथरूण-पांघरूण आदल्या दिवशीच बाहेर काढलं होतं. प्रथेप्रमाणे ज्याची ठेव गेली त्याने पहिली मशाल लावायची. तैमस खानांनी लावली, तोंड फिरवून. पण छताचे वासे ओले होते, पेट घेईनात. मग मिनादारच्या घरची माणसं रॉकेल घेऊन पुढे आली. दोन्ही घरांतले तरुण एकमेकांच्या हातून डबे घेत होते, "इकडून वारा आहे, इकडून ओत," असं एकमेकांना सांगत होते. पंचवीस वर्षांत ही दोन घरं पहिल्यांदा एका कामाला लागलेली मी पाहिली. समेट पक्का झाला, यात शंका नाही.

हाजी रस्त्याच्या पलीकडे खाटेवर बसून होते. मी त्यांच्यापुढून जाताना सलाम करावा की नाही हे ठरेना. त्यांनीच केला.

११ नोव्हेंबर

हाजी नौशहऱ्याकडे मुलीच्या गावी जाणार. इथे त्यांना कोणी भाकरी द्यायची नाही, असं ठरलं आहे.

लाला त्यांच्याबरोबर चालला आहे.

मी हरतऱ्हेने विचारलं. दुकान? शागीर्दांना देऊन टाकलं. डोळ्यांचं औषध? लागत नाही. मग का?

"म्हाताऱ्याला कोणी तरी पाणी द्यायला हवं."

"त्यांना मुलगी आहे, जावई आहे. आणि लाला, ते चोर ठरलेत."

त्याने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, की मला वाटलं, आता हा मला मारणार. लहानपणीही कधी मारलं नव्हतं. मग त्याने माझी कॉलर नीट केली, जशी शाळेत सोडताना करायचा.

"तू बरोबर बोललास, नवर. सगळं बरोबर बोललास. पोरींना सांभाळ."

बसमीनाने त्याला बांधून नान दिले, गूळ दिला, आणि त्याच्या पायाशी वाकली. आमच्यात भावजय असं करत नाही. त्यानेही लाजून पाय मागे घेतले. दोघांना काही तरी ठाऊक आहे आणि मला नाही, असं त्या वेळी वाटलं. मी थकलो आहे. थकलेल्याला असं वाटतं.

३ डिसेंबर

पेशावरहून दोन व्यापारी आले होते. पोच्याची गोष्ट तिथवर पोहोचली आहे. "प्रोफेसरसाहेब, तुमच्यासारखी नजर साऱ्या सरहद्दीत नाही," वगैरे. चार पिस्तुलं ठेवून गेले. एक अस्सल, तीन नकली, तासाभरात झालं.

बसमीना जेवायला वाढते, बोलत नाही. मुली तिच्यासारखंच करतात.

१३ डिसेंबर, शुक्रवार

जिरग्याने ते नकली माउझर मलाच देऊन टाकलं. तैमस खानांना ते घरात नको होतं, आणि फेकून द्यायला कोणी धजेना. टेबलावर आहे.

दर्र्यात कारागिराला कोणी विचारत नाही. पुढे ठेवलं ते त्याने केलं, त्यात त्याचा दोष नाही, असंच आपण मानतो. म्हणून जिरग्यातही कोणी विचारलं नाही की हे कोणाच्या हातचं. मीही विचार केला नव्हता. आज पहिल्यांदा ते निव्वळ काम म्हणून पाहिलं. त्या सरळ रेषा काढायला त्याने कानशीला मार्गदर्शक पट्टी लावली असणार, आणि मनगट आवळून धरलं असणार, दिवसेंदिवस. तरी मुठीखाली, जिथे कोणी पाहणार नाही, तिथे एका ठिकाणी रेषा सैल सुटली आहे आणि शेवटी किंचित वर उचलली आहे. तो हाताचा स्वभाव. सहीसारखा असतो तो, लपत नाही.

त्या पिढीत एवढ्या तोलामोलाचे कारागीर दर्र्यात किती होते? चार-पाच. प्रत्येकाच्या हातचं एकेक पिस्तूल मिळवून त्याच जागी भिंग लावलं की अर्ध्या तासात कळेल. तिघांची कामं बाजारात सहज मिळतील. लालाच्या हातचं तर घरातच आहे. माझ्या लग्नात त्याने मला दिलेलं, कपाटात वरच्या खणात.

उद्या सगळी गोळा करून पाहतो. निष्कर्ष काही निघो, पाहिलं पाहिजे.

१४ डिसेंबर

बाजारातून तिघांची आणली. जुळत नाहीत.

कपाटाचा वरचा खण उघडला नाही. परीक्षेचे पेपर आले आहेत, ते तपासायचे आहेत.

१९ डिसेंबर

पेपर झाले. खण उघडला नाही.